एसी खोली थंड करतो म्हणजे नेमके काय करतो?

जून २०२५ मध्ये केंद्रीय ऊर्जामंत्री मनोहर लाल यांनी, यापुढे एसी २० अंश सेल्सिअसच्या खाली आणि २८ अंशांच्या वर लावता येणार नाही असा नियम आणण्याचा सरकारचा विचार असल्याचे सांगितले, तेव्हा 'आता बेडरूममध्येही सरकार' अशी प्रतिक्रिया उमटणे स्वाभाविक होते. पुढे तीनच महिन्यांत, २२ सप्टेंबरपासून, एसीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. एसी स्वस्तही करायचा आणि त्याच्या रिमोटवर मर्यादाही घालायची, हे वरवर पाहता विसंगत वाटते. ते खरोखर विसंगत आहे का, हे ठरवायचे तर भिंतीवर बसलेले हे यंत्र करते तरी काय, हे आधी कळायला हवे. एसीविषयीचे आपले बहुतेक गैरसमज एकाच कल्पनेतून आलेले आहेत आणि ती कल्पना म्हणजे एसी थंडी तयार करतो.

थंडी तयार होत नाही, उष्णता बाहेर जाते

थंडी नावाची वस्तू निसर्गात नाही. असते ती फक्त उष्णता. ती कमी झाली की आपण त्याला थंडी म्हणतो. माठातले पाणी गार होते ते याच नियमाने: माठाच्या छिद्रांतून झिरपलेले पाणी वाफ होऊन उडते, वाफ होण्यासाठी लागणारी उष्णता ते आतल्या पाण्याकडून घेते आणि आतले पाणी गार होते. द्रवाची वाफ होताना तो भोवतालची उष्णता शोषतो आणि वाफेचा पुन्हा द्रव होताना तीच उष्णता बाहेर टाकतो. एसीचे सारे शास्त्र या दोन वाक्यांत मावते.

फरक एवढाच की माठातले पाणी एकदा उडाले की गेले, तर एसीतला द्रव बंद नळीत फिरत राहतो आणि पुन्हा पुन्हा वापरला जातो. या द्रवाला शास्त्रीय भाषेत शीतक म्हणतात. मेकॅनिक त्याला 'गॅस' म्हणतो आणि आपणही पुढे तेच म्हणू. द्रव किती तापमानाला उकळतो हे त्याच्यावरच्या दाबावर अवलंबून असते; कुकरमध्ये दाब वाढल्यामुळेच पाणी १०० ऐवजी सुमारे १२० अंशांना उकळते. खोलीतल्या युनिटच्या कॉइलमध्ये गॅसवरचा दाब कमी ठेवलेला असतो, त्यामुळे तो अगदी कमी तापमानाला उकळतो आणि उकळताना कॉइलवरून जाणाऱ्या हवेतली उष्णता ओढून घेतो. मग बाहेरच्या युनिटमधला कॉम्प्रेसर त्याच गॅसला दाबतो. दाबल्यामुळे तो बाहेरच्या ४० अंशांच्या हवेपेक्षाही गरम होतो. गरम वस्तू आपली उष्णता तिच्याहून गार हवेला देते, या न्यायाने तो ती बाहेर टाकतो आणि पुन्हा द्रव होऊन आत येतो.

उष्णता आपणहून गरम जागेकडून गार जागेकडे जाते, जसे पाणी आपणहून उताराकडे जाते. एसी याच्या उलट काम करतो, म्हणजे विहिरीवर बसवलेल्या पंपासारखे. पंप पाणी निर्माण करत नाही, ते खालून वर उचलतो, आणि विहीर जितकी खोल तितकी वीज जास्त लागते. इथे विहिरीची खोली म्हणजे आतल्या आणि बाहेरच्या तापमानातला फरक. एवढे लक्षात ठेवले की पुढचे बरेचसे आपोआप उलगडते.

फ्रीजचे दार उघडे ठेवले तर खोली गार का होत नाही, याचेही उत्तर इथेच आहे. फ्रीज आतली उष्णता उपसून आपल्या मागच्या बाजूने त्याच खोलीत टाकतो आणि वर कॉम्प्रेसरने खाल्लेल्या विजेची उष्णता त्यात मिसळते. दार उघडे ठेवल्यास खोली उलट थोडी तापेल. एसीचा निम्मा भाग घराबाहेर टांगावा लागतो तो याचसाठी.

दीड टन म्हणजे कशाचे वजन?

दुकानात विचारला जाणारा पहिला प्रश्न 'एक टन की दीड टन' हा असतो, आणि तो यंत्राच्या वजनाविषयी नसतो. यंत्राने गारवा मिळू लागण्यापूर्वी तो बर्फाने मिळे. १८३३ साली बॉस्टनहून गोठलेल्या तळ्यांतला बर्फ भरून निघालेले जहाज कलकत्त्याला पोहोचले, पुढे मुंबईलाही अमेरिकी बर्फ येऊ लागला आणि तो साठवण्यासाठी शहरात 'आइस हाउस' उभे राहिले. यंत्रे आल्यावर त्यांची ताकद सांगायची ती याच ओळखीच्या मापाने: एक अमेरिकी टन, म्हणजे सुमारे ९०७ किलो बर्फ २४ तासांत वितळताना जितकी उष्णता शोषेल, तितकी उष्णता काढून टाकणारे यंत्र म्हणजे एक टनाचे यंत्र. आजच्या मापात हे सुमारे साडेतीन किलोवॉट होते; म्हणजे दीड टनाचा एसी पूर्ण ताकदीने चालताना ताशी साधारण ५.३ युनिट ऊर्जेइतकी उष्णता खोलीबाहेर काढतो.

इथे चौकस वाचकाला शंका येईल, की असा एसी तासाला वीज तर दीड युनिटच्या आसपासच खातो, मग सव्वापाच युनिटचे काम कसे होते? फुकटात काही होत नाही आणि इथेही झालेले नाही. दीड युनिट उष्णता उचलण्याची मजुरी आहे, उष्णतेची किंमत नव्हे. एका युनिट विजेत किती युनिट उष्णता उचलली जाते, याची वर्षभराची सरासरी काढून केंद्र सरकारचा ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो एसीला एक ते पाच तारे देतो. तारांकनाचे निकष हा ब्युरो वेळोवेळी कडक करत असल्यामुळे काही वर्षांपूर्वीचा पाच तारे असलेला एसी आजच्या पाच ताऱ्यांच्या बरोबरीचा असेलच असे नाही. दुकानात जुना साठा सवलतीत मिळत असेल तर लेबलवर छापलेला कालावधी पाहावा.

नागपूरला कूलर, मुंबईला एसी

मे महिन्यात नागपूरला पारा ४५ अंशांच्या आसपास असतानाही वाळ्याचे किंवा लाकडी भुशाचे पडदे लावलेला कूलर खोली सुसह्य करतो आणि मुंबईत ३४ अंशांना तोच कूलर अंग अधिकच चिकट करतो. कूलर हा पंखा लावलेला माठच आहे. त्याला कोरडी हवा लागते, कारण हवेत आधीच बाष्प भरलेले असेल तर पाण्याची वाफ होत नाही. घामाचेही तसेच. आपले शरीर स्वस्थ बसलेले असतानाही सुमारे १०० वॉटच्या बल्बइतकी उष्णता सतत बाहेर टाकत असते आणि उन्हाळ्यात ती टाकण्याचा त्याचा मुख्य मार्ग म्हणजे घाम वाळणे. दमट हवेत घाम गळतो, पण वाळत नाही.

म्हणून किनारपट्टीवर एसीची कामे दोन असतात: हवा गार करणे आणि तिच्यातले पाणी काढणे. थंड कॉइलला हवा लागली की तिच्यातले बाष्प थेंब होऊन कॉइलवर जमते आणि पाइपाने बाहेर येते. या पाण्याची बादली भरताना पाहिली, तर आपण विजेचे पैसे कशासाठी भरतो ते डोळ्यांना दिसते. एक लिटर पाणी हवेतून असे काढताना जवळपास ०.७ युनिट इतकी उष्णता उपसावी लागते. तासाला एक लिटर पाणी पडत असेल तर दीड टनाच्या एसीच्या ताकदीचा साधारण आठवा हिस्सा खोलीचे तापमान एका अंशानेही न उतरवता या कामी खर्च होतो. पावसाळ्याच्या तोंडावर 'एसी चालू आहे पण गार होत नाही' अशी तक्रार वाढते, त्यामागे पुष्कळदा बिघाड नसतो, तर हवेतले पाणी असते.

गंमत म्हणजे या यंत्राचा जन्मच दमटपणाच्या त्रासातून झाला आणि तो त्रास माणसांचा नव्हता, कागदाचा होता. १९०२ साली न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिन येथील एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगे आणि रंगीत छपाईत एकावर एक बसवायचे रंग सरकत. त्यावर उपाय शोधण्याचे काम विलिस कॅरियर या पंचविशीतल्या अभियंत्याकडे आले. त्याने थंड पाणी फिरणाऱ्या नळ्यांवरून हवा नेऊन तिच्यातले बाष्प काबूत आणणारी यंत्रणा आखली, आणि आधुनिक वातानुकूलनाची सुरुवात तिथून मानली जाते. कामगारांना मिळालेला गारवा हा कागदाच्या सोयीचा जोडफायदा होता. माणसांच्या सुखासाठी हे यंत्र रुळले ते १९२०च्या दशकात अमेरिकेतल्या चित्रपटगृहांमधून. मुंबईत १९३३ साली उघडलेले रीगल हे आपल्याकडचे पहिले वातानुकूलित चित्रपटगृह म्हणून ओळखले जाते.

१६ वर लावला तर लवकर गार होईल का?

होणार नाही. रिमोटवरचा आकडा म्हणजे कुठे थांबायचे याची सूचना आहे, किती जोराने धावायचे याची नव्हे. साध्या एसीचा कॉम्प्रेसर एक तर पूर्ण ताकदीने चालतो किंवा बंद असतो, त्यामुळे ३४ अंशांची खोली २६ पर्यंत यायला १६ लावले काय किंवा २६ लावले काय, वेळ तितकाच लागतो. इन्व्हर्टर एसीचा कॉम्प्रेसर गरजेप्रमाणे वेग कमीजास्त करतो. पण तापलेल्या खोलीत सुरुवातीला तोही आपण होऊनच वेग धरतो. इन्व्हर्टरचा खरा फायदा खोली गार झाल्यानंतरचा, म्हणजे रात्रभर मंद गतीने चालत राहण्याचा आहे. दिवसातून तासभरच एसी लावणाऱ्याला तो फारसा जाणवत नाही.

१६ लावल्याचे नुकसान मात्र नक्की होते. विहीर खोल केल्यासारखे ते आहे: आत-बाहेरचा फरक वाढला की एकेक युनिट उष्णता उचलायला अधिक वीज लागते, शिवाय भिंती, खिडक्या आणि दाराच्या फटींतून उष्णता आत येण्याचा वेगही वाढतो. एक अंश वर गेल्यास सुमारे सहा टक्के वीज वाचते, असा ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचा ढोबळ हिशेब आहे. याच हिशेबाने जानेवारी २०२० पासून तारांकित एसी सुरू होताना २४ अंशांवरच लागेल असे बंधन उत्पादकांवर आले. त्यानंतर वर-खाली करण्याची मुभा ग्राहकाला आहेच. २६-२७ अंशांवर एसी आणि सोबत पंखा हा मार्ग मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो, कारण पंखा ३० ते ७५ वॉटमध्ये घाम वाळवण्याचे काम करतो, आणि गारवा वाटण्यामागचा मोठा भाग तोच असतो.

मग बिल इतके का फुगते? समजा एखाद्या घरात महिन्याला १५० युनिट वीज लागते. उन्हाळ्यात रोज आठ तास एसी लावला आणि तो सरासरी तासाला ०.८ युनिट खात असेल, तर महिन्याला सुमारे १९० युनिट वाढतात आणि एकूण आकडा ३४० वर जातो. महावितरणच्या घरगुती दरांचे टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटवर बदलतात; एसीची जवळजवळ सगळी वीज वरच्या महाग टप्प्यांत मोजली जाते, म्हणून वापर सव्वादोन पट झाला तरी बिल त्याहून अधिक पट झालेले दिसते. ३०० ची रेषा ओलांडली की सगळेच युनिट महाग दराने लागतात, असा समज अनेकांचा आहे. तो खरा नाही. महाग दर लागतो तो रेषेपलीकडच्या युनिटना.

'गॅस संपला' म्हणजे काय?

गॅस संपत नाही. तो पेट्रोलसारखा जळत नाही, बंद नळीत फिरत राहतो. तो कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि गळती न शोधता दर उन्हाळ्यात गॅस भरून घेणे म्हणजे फुटक्या जागी पैसे ओतणे आहे. खाडी किंवा उघड्या नाल्याजवळच्या वस्तीत हवेतल्या गंधकयुक्त वायूंमुळे तांब्याच्या कॉइलला बारीक छिद्रे पडतात, ही त्या भागातली नित्याची तक्रार आहे. अशा वेळी दाब देऊन गळती शोधणे, ती बंद करणे, पंपाने नळीतली हवा पूर्ण काढणे आणि मगच ठरलेल्या वजनाने गॅस भरणे, हा योग्य क्रम. यातला हवा काढण्याचा टप्पा घाईत गाळला जातो, आणि आत राहिलेली हवा व ओल कॉम्प्रेसरचे आयुष्य खातात.

गळालेल्या गॅसचा प्रश्न आपल्या बिलापुरता राहत नाही. जुन्या एसीतला आर-२२ ओझोनच्या थराला हानी पोहोचवतो. १९८७ च्या मॉन्ट्रियल कराराखाली त्याचा वापर टप्प्याटप्प्याने संपवला जात आहे. त्याची जागा घेणारे बरेच गॅस ओझोनला निरुपद्रवी असले तरी पृथ्वीचे तापमान वाढवण्यात तरबेज निघाले. एक किलो आर-२२ हवेत गेला तर त्याचा तापमानवाढीचा परिणाम सुमारे १८०० किलो कार्बन डायऑक्साइडइतका असतो. त्याच्या जागी आलेल्या आर-४१०ए चा तर त्याहून जास्त. सध्याच्या बहुतेक नव्या एसींत असलेल्या आर-३२ चा परिणाम साधारण ६७५ किलोइतका, तर आर-२९० म्हणजे शुद्ध प्रोपेनचा जवळजवळ नगण्य आहे. मात्र प्रोपेन पेट घेतो, म्हणून तो थोडाच भरतात आणि बसवणारा माणूस जाणकार लागतो. २०१६ मध्ये रवांडातल्या किगाली शहरात याच करारात झालेल्या दुरुस्तीने हे तापमान वाढवणारे गॅसही कमी करण्याचे ठरले आणि भारताने २०२१ मध्ये ती मान्य केली.

बाहेर टाकलेली उष्णता जाते कुठे?

जाते कुठेच नाही. ती गल्लीतच राहते. एसीच्या बाहेरच्या युनिटमधून खोलीतली उष्णता तर बाहेर पडतेच, शिवाय खाल्लेल्या विजेचीही पडते. सव्वापाच युनिट उपसले आणि दीड युनिट वीज लागली, तर बाहेर पडतात पावणेसात युनिट. दिवसा वारा आणि ऊन यांच्या पुढे हा आकडा लहान असतो, पण रात्री शहर निवत असताना तो जाणवतो. अमेरिकेतल्या फिनिक्स या वाळवंटी शहरासाठी केलेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, एसींच्या उष्णतेमुळे रात्रीचे तापमान काही भागांत एक अंशाहून अधिक वाढत असल्याचे दिसले. अरुंद गल्लीत समोरासमोर युनिट टांगलेल्या इमारतींमध्ये एसी नसलेल्या घराची खिडकी उघडली तर काय आत येत असेल, याची कल्पना त्यावरून करता येते.

यावर काहींचे म्हणणे असे असते की एसी ही श्रीमंतांची चैन आहे, तेव्हा तिच्यावर कर आणि बंधने वाढवावीत. हे मला पटत नाही. पत्र्याच्या छपराखाली राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला, नवजात बाळाला किंवा हृदयविकाराच्या रुग्णाला मे महिन्याच्या रात्री गारवा मिळणे ही चैन नव्हे, आणि देशातल्या बहुसंख्य घरांत अजून एसी नाहीच. शस्त्रक्रियागृह, लसींचा साठा, बँकेचे सर्व्हर, मोबाइलचे सुटे भाग जुळवणारे कारखाने यांपैकी काहीही हवा काबूत ठेवल्याशिवाय चालत नाही. सिंगापूरचे पहिले पंतप्रधान ली क्वान यू यांनी आपल्या देशाच्या प्रगतीचे श्रेय वातानुकूलनालाही दिले होते आणि सत्तेवर आल्यावर पहिल्या कामांत सरकारी कचेऱ्यांत ते बसवल्याचे सांगितले होते.

अडचण आहे ती एसी येण्याने घर कसे बदलले यात. वाड्यांच्या जाड भिंती आणि मधला चौक, कोकणातल्या घराची उतरती कौले आणि पडवी, खिडकीवरचे रुंद छज्जे ही उष्णता आत येऊच न देण्याची साधने होती. एसीवर भरवसा ठेवता येतो म्हटल्यावर बांधणाऱ्याने भिंत पातळ केली, छत खाली आणले, छज्जा कापला आणि पश्चिमेला सरळ काच लावली, कारण तिथून येणाऱ्या उष्णतेचे बिल त्याला भरायचे नसते. मॉल, मल्टिप्लेक्स आणि काचेची कार्यालये तर अशी बांधलेली असतात की वीज गेल्यावर तिथे बसताच येत नाही, खिडकी उघडायचीच सोय नसते. घरगुती स्प्लिट एसी ताजी हवा आत आणत नाही, खोलीतलीच हवा फिरवतो, हेही अनेकांना माहीत नसते. रात्रभर बंद खोलीत डोके जड होते त्याचे कारण बऱ्याचदा एवढेच असते, आणि उपाय खिडकीची बोटभर फट हा आहे.

तर मग २० अंशांची मर्यादा योग्य आहे का?

३० मे २०२४ रोजी देशाची विजेची मागणी २५० गिगावॉटवर पोहोचली, त्या वेळेपर्यंतचा तो उच्चांक होता. उन्हाळ्यातला हा चढ मुख्यतः गारव्यासाठी असतो आणि घरगुती एसीचा मोठा वापर सूर्य मावळल्यावर, म्हणजे सौरपॅनेल थंड पडल्यावर होतो, तेव्हाची वीज अजून बव्हंशी कोळशाची आहे. अशा वेळी सगळ्यांनी विहीर थोडी उथळ ठेवावी, या म्हणण्यात तथ्य आहे, आणि कर कमी करून यंत्र अधिक घरांत जाऊ देणे व ते वापरताना उधळपट्टी रोखणे यांत विसंगती नाही.

घरांपुरते बोलायचे तर या मर्यादेने फार वीज वाचेल असे वाटत नाही. स्वतः बिल भरणारा माणूस रात्रभर १८ वर झोपतो असे क्वचितच घडते. तिचा खरा उपयोग तिथे आहे, जिथे रिमोट एकाच्या हातात आणि बिल दुसऱ्याच्या खिशात असते: हॉटेलची खोली, कचेरीचा हॉल, शाल गुंडाळून चित्रपट पाहावा लागतो ते प्रेक्षागृह. घरांसाठी त्याहून मोठे काम भिंतींचे आहे. भिंती आणि खिडक्यांतून किती उष्णता आत यावी, याची कमाल मर्यादा घालणारी 'इको-निवास संहिता' केंद्राने २०१८ मध्येच तयार केली. ती बांधकाम परवानगीच्या नियमांत उतरवण्याचे काम राज्यांचे आणि महापालिकांचे आहे. ते होईपर्यंत सदनिका घेणाऱ्याने पश्चिमेच्या भिंतीवर किती काच आहे, छज्जा किती इंच बाहेर आलेला आहे आणि सर्वांत वरच्या मजल्यावर छपराला उष्णतारोधक थर दिला आहे का, हे तीन प्रश्न बिल्डरला विचारायला हरकत नाही.